ठाऊक असते, तरीही

परवा एक बैठक संपली, माणसे पांगू लागली आणि टेबलावरचा माझा फोन थरथरला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत दोनच शब्द होते : 'उभी राहा.' शेजारच्या तरुण सहकाऱ्याची नजर त्यावर गेली आणि त्याने हसून विचारले, "ताई, उभे राहायलाही गजर लावता तुम्ही?" त्याच्या स्वरात कुचेष्टा नव्हती, निखळ नवल होते. मीही हसले, गजर बंद केला, उभी राहिले आणि ठरल्याप्रमाणे पुढच्या कामाला लागले. म्हणजे गजराने त्याचे काम चोख बजावले होते. तरीही तो प्रश्न दिवसभर सलत राहिला. सलण्याचे कारण शोधू लागले तेव्हा जाणवले की प्रश्न रास्तच होता. जी बाई किचकट अहवालाची पानेच्या पाने सलग तपासू शकते, चार जणांच्या नजरेतून निसटलेली विसंगती बोट ठेवून दाखवू शकते, तिला खुर्चीतून उठण्यासाठी यंत्राची आज्ञा लागावी, हे बाहेरून पाहणाऱ्याला विचित्र वाटणारच. खरे सांगायचे तर आतून पाहणारीलाही ते अधूनमधून तसेच वाटते.

मला एडीएचडी, म्हणजे अवधानातील कमतरता आणि अतिचंचलता यांचा विकार, आहे हे कळले तेव्हा शाळा-कॉलेज, पहिली नोकरी, लग्न हे सगळे मागे पडले होते. निदान करणाऱ्या डॉक्टरांनी बालपणाविषयी बारकाईने विचारले आणि शक्य असल्यास जुनी प्रगतिपुस्तके आणायला सांगितली. ती आईने जपून ठेवली होती. इयत्ता बदलत होती, शिक्षकांचे हस्ताक्षर बदलत होते, शेरा मात्र तोच होता : हुशार आहे, पण लक्ष देत नाही. त्या शेऱ्यातल्या 'पण'ने माझे अर्धे आयुष्य व्यापले आहे, असे मला त्या दिवशी वाटले. आधी सुटका वाटली, मग राग आला, आणि त्यानंतर कितीतरी दिवस एक ओशाळवाणी शोककळा मनावर पसरून राहिली, कारण वाया गेलेल्या वर्षांचा हिशेब मागायचा कोणाकडे, हे कळत नव्हते. शिक्षकांकडे मागण्यात अर्थ नव्हता. जी मुलगी वर्गात धुडगूस घालत नाही, नुसती खिडकीबाहेर पाहत बसते, तिच्याकडे या दृष्टीने पाहण्याची पद्धत तेव्हा नव्हती, आणि आजही शांत बसणाऱ्या मुली या निदानातून सहज निसटतात.

या अवस्थेला चिकटलेली नैतिक छटा फार जुनी आहे. १९०२ साली जॉर्ज स्टिल या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये दिलेल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले आणि बुद्धी शाबूत असूनही त्यांच्यात नैतिक संयमाची उणीव असते, असे म्हटले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत अवधानातील कमतरता हा या विकाराच्या नावाचा भाग झाला तो थेट १९८० साली, आणि त्यानंतरही वाढत्या वयाबरोबर तो आपोआप सुटतो, अशी समजूत बराच काळ टिकून होती. २०१३ च्या आवृत्तीत प्रौढांसाठी लक्षणांची अट शिथिल झाली. मुलांमध्ये अवधानाच्या किंवा अतिचंचलतेच्या यादीतील किमान सहा लक्षणे दिसावी लागतात, तर सतरा वर्षांपुढे पाच पुरतात. मात्र त्यांतील काही लक्षणे बाराव्या वर्षाच्या आत दिसलेली असली पाहिजेत. ही दुसरी अट मला महत्त्वाची वाटते. अपुरी झोप, चिंता, नैराश्य, थायरॉईडच्या तक्रारी यांनीही लक्ष उडते. समाजमाध्यमांवरची एखादी चित्रफीत पाहून स्वतःला हे नाव लावून घेणाऱ्यांची मला काळजी वाटते ती याचसाठी, कारण त्यांचा खरा त्रास दुसराच असेल तर तो तसाच राहतो.

स्टिलची ती छटा माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही. गजर वाजतो, कोणीतरी हसते आणि आत कुठेतरी जुना आवाज म्हणतो की मनात असते तर जमले असते.

प्रत्यक्षात मनात सगळे असते, आणि ठाऊकही असते. अर्ज भरण्याची मुदत ठाऊक असते, तो भरायला किती वेळ लागेल हे ठाऊक असते, न भरल्यास काय होईल हेही ठाऊक असते, आणि तरीही मी अर्जासमोर बसून शेजारची पेन्सिल तासत असते. रसेल बार्कली या मानसशास्त्रज्ञाने १९९७ साली मांडलेल्या सिद्धान्तात या विकाराचे मूळ आवर घालण्याच्या क्षमतेत शोधले, आणि पुढे तो एक गोष्ट सातत्याने सांगत आला : अडचण ज्ञानाची नसून ठाऊक असलेली गोष्ट नेमक्या क्षणी करण्याची आहे, म्हणून मदतही कृतीच्या जागी आणि कृतीच्या क्षणीच उभी असली पाहिजे. हे मला उमगले तेव्हा आजवर मिळालेल्या सगळ्या सल्ल्यांचा रोख चुकीच्या ठिकाणी होता, हे लख्ख दिसले. पहाटे उठा, यादी करा, निश्चय करा, महत्त्व ओळखा. घाटात कठडा वळणावर लागतो. पायथ्याशी कितीही ठळक अक्षरांत सावधानतेची पाटी लावली तरी वळणावरच्या गाडीला तिचा आधार होत नाही.

औषधाविषयी लोक कुजबुजत विचारतात, म्हणून येथे स्पष्ट लिहिते. मी डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध घेते आणि त्याचा मला उपयोग होतो. मेथिलफेनिडेट हे यांपैकी बहुधा सर्वांत परिचित औषध १९४४ साली तयार झाले. त्याचा अनुभव फार दीर्घ आहे, तसेच भूक, झोप, नाडी आणि रक्तदाब यांवरचे त्याचे परिणामही माहीत आहेत, म्हणूनच ते कोणाच्या सांगण्यावरून परस्पर घ्यायचे नसते. पण गोळी दिवा लावते, त्या उजेडात काय करायचे हे ती सांगत नाही. औषधाचा अंमल चढलेला असताना मी एकदा एक खण असा काही आवरला की त्यातल्या टाचण्यासुद्धा लांबीप्रमाणे लागल्या. अर्ज तसाच होता.

या उरलेल्या जागेसाठी कौशल्ये लागतात आणि ती शिकता येतात, याला आता बऱ्यापैकी पुरावा आहे. २०१० साली स्टीव्हन सॅफ्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषध चालू असूनही लक्षणे शिल्लक असलेल्या ८६ प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यातील एका गटाला नियोजन, अवधान आणि विचारांची पद्धत यांवर बेतलेली बोधात्मक वर्तनोपचाराची, म्हणजे विचार आणि वागणे यांवर एकत्र काम करणाऱ्या उपचाराची, बारा सत्रे मिळाली, दुसऱ्याला शिथिलीकरण आणि माहितीपर आधार मिळाला. कौशल्ये शिकलेल्या गटाची लक्षणे अधिक कमी झाली, आणि ज्यांना फायदा झाला त्यांच्यात तो पुढेही टिकून राहिला. त्याच वर्षी मेरी सोलांतो यांनी गटात घेतलेल्या अशाच उपचाराचा ८८ प्रौढांवरचा अभ्यास त्याच दिशेने गेला. माझ्या समुपदेशिकेने या धर्तीवरचा कार्यक्रम हाती दिला तेव्हा मी थोडी खट्टू झाले, हे कबूल केले पाहिजे. मला काहीतरी चमकदार हवे होते. कार्यक्रमात होते एक कॅलेंडर, एक यादी आणि दोन्ही रोज ठरल्या वेळी उघडण्याची सवय. एकच कॅलेंडर, एकच यादी, यावर तिचा एवढा भर होता की पाकिटाच्या मागे, तळहातावर, फोनमधल्या निरनिराळ्या अॅपमध्ये आणि पुस्तकांच्या समासांत विखुरलेले माझे संसारभरचे मजकूर मला एका जागी आणावे लागले. त्या कंटाळवाणेपणातच त्याची ताकद आहे हे पुढे कळले. चमकदार गोष्टी मला आवडतात, आणि आवडतात तितक्याच लवकर त्या मला दिसेनाशा होतात.

या कार्यक्रमातील एक युक्ती मात्र मला पहिल्या दिवसापासून मोहवून गेली. नीरस कामाला बसायचे आणि मन पहिल्यांदा कधी सुटते ते घड्याळ लावून पाहायचे. जी काही मिनिटे भरतील ती स्वीकारायची आणि काम तेवढ्या तुकड्यांत कापायचे. कामाच्या मापाने स्वतःला ताणण्याऐवजी आपल्या मापाने काम बेतायचे. शेजारी एक कोरा कागद ठेवायचा. मध्येच जे सुचेल, आठवेल, खुणावेल, ते त्यावर लिहायचे आणि हातातला तुकडा पुरा झाल्यावरच त्याकडे पाहायचे. माझ्यासमोर आत्ता अशा एका जुन्या कागदाची घडी आहे. त्यावर वरून खाली लिहिले आहे : कपाटाच्या बिजागरीला तेल. मावशींना फोन. पेंग्विनला गुडघे असतात का. खिडकीवर कसला आवाज. विम्याची तारीख, आणि त्याखाली दोन रेघा. पेन्सिल लहान झाली. विम्याची तारीख पुन्हा. कागद हाती घेतला की त्या तासाभराचा माझ्या मेंदूचा प्रवास दिसतो. त्यात एकच गोष्ट खरोखर निकडीची होती, आणि ती गुडघ्यांच्या आणि पेन्सिलीच्या पंगतीत, त्यांच्याच आवाजात बोलत होती. निकड आणि नवल यांचा स्वर माझ्या डोक्यात सारखाच उमटतो. कागदावर उतरल्यावर मात्र कोणाला आधी उठवायचे ते सहज ठरवता येते. पेंग्विनला गुडघे असतात, पिसांआड झाकलेले. हे तुकडा संपल्यानंतर पाहिले.

वेळेचे दुखणे याहून खोल आहे. इतरांना वेळ सरकताना जाणवत असावी, असा माझा अंदाज आहे. माझ्याकडे दोनच काळ असतात, आत्ता आणि आत्ता नाही. पुढल्या महिन्यातली परीक्षा 'आत्ता नाही'मध्ये निवांत पडून असते आणि एके सकाळी अचानक 'आत्ता'मध्ये येऊन उभी ठाकते. यावर उपाय म्हणून वेळ डोळ्यांना दिसेल अशी करावी लागली. माझ्या टेबलावर एक घड्याळ आहे, ज्यातली लाल चकती मिनिटे संपतील तशी आक्रसत जाते. आकडे मला काही सांगत नाहीत, आक्रसणारा लाल रंग सांगतो. दुसरा बदल अगदी किरकोळ दिसतो, पण त्याने नाती वाचवली आहेत. कॅलेंडरात मी आता भेटीची वेळ ठळक लिहीत नाही, निघण्याची वेळ लिहिते. पाचची भेट म्हटले की माझे मन पाचलाच घराबाहेर पडायला तयार होते, कारण मधला प्रवास, चपला शोधणे, किल्ली, कुलूप आणि कुलूप लावले का हे पाहायला परत येणे यांपैकी कशालाही त्याच्या हिशेबात वेळच लागत नाही. म्हणून भेटीपासून उलटे मोजत यायचे आणि जिथे पाय हलायला हवेत त्या क्षणावर खूण करायची. काही आठवडे मी प्रत्येक कामाचा आधी बांधलेला अंदाज आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ शेजारीशेजारी लिहिले. तो तक्ता मनोरंजक होता, आणि थोडा क्रूरही. नावडत्या कामांना मी अवाढव्य वेळ देत होते आणि आवडत्यांना चिमूटभर. भांडी घासण्याच्या ज्या कामाला मी मनोमन अर्धी संध्याकाळ बहाल केली होती, ते लाल चकती जेमतेम निम्मी होईपर्यंत संपत होते.

आता त्या 'उभी राहा'कडे येते. लक्ष लागत नाही ही अर्धी गोष्ट झाली, लागलेले सुटत नाही ही उरलेली अर्धी. एखाद्या गोष्टीत गुंतले की भूक, तहान, लघवीची भावनासुद्धा दूर कुठेतरी दुसऱ्याच्या घरात घडत असल्यासारखी वाटते. अशा वेळी 'अहवाल पाठव' असा गजर वाजला तर मी तो वाचते, मान डोलावते आणि बंद करते, कारण अहवाल पाठवणे हे काम नसून कामांची मालिका आहे आणि तिचे पहिले टोक कुठे आहे हे गुंतलेल्या मेंदूला दिसत नाही. उभे राहणे ही मात्र एकच हालचाल आहे. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध लेखात दाखवले की नुसत्या संकल्पापेक्षा 'अमुक घडले की मी तमुक करीन' अशा जोडीने बांधलेला संकल्प अधिक वेळा पार पडतो, कारण निर्णय आधीच झालेला असतो आणि खूण दिसताच कृती सुरू होते. माझी जोडी एवढीच आहे : फोन थरथरला की दोन्ही पाय टेकवून उभे राहायचे. उभे राहिल्यावर आधीच्या कामाची पकड सैल होते आणि पुढचे काय ते दिसते. हे सगळे त्या सहकाऱ्याला सांगायला निवांत वेळ हवा होता, आणि गजर तर उठायला सांगत होता.

घरातल्या वस्तूंनाही हाच न्याय लावावा लागला. जे दिसत नाही ते माझ्यापुरते अस्तित्वातच नसते, म्हणून कपाटांची काही दारे आम्ही काढून टाकली आणि डबे पारदर्शक आणले. औषधाची वारांच्या खणांची डबी दात घासायच्या ब्रशाला खेटून असते. सोमवारचा खण रिकामा दिसला की गोळी घेतली का या प्रश्नावर स्मृतीची साक्ष काढावी लागत नाही. न्यायची पिशवी दाराच्या कडीला अशी अडकवलेली असते की ती हलवल्याशिवाय दार उघडत नाही. पाहुण्यांना घर पसारलेले वाटते. मला ते आखलेले वाटते. मासिकांच्या गुळगुळीत पानांवर दिसतात तशा बंद, पांढऱ्या, रिकाम्या खोल्या पाहिल्या की मला अजून हेवा वाटतो आणि त्याच वेळी ठाऊक असते की तसल्या खोलीत मी आठवडाभरात सगळे हरवून बसेन.

माणसांचा आधार हा यातला सर्वांत नाजूक भाग आहे. नुसते कोणी शेजारी आपले काम करीत बसले असेल, तरी माझे रखडलेले काम हलते. ती व्यक्ती बोलत नाही, तपासत नाही, तिचे असणे पुरते. माझी एक मैत्रीण आणि मी ठरवून व्हिडिओ कॉल लावतो, सुरुवातीला आपापले काम एका वाक्यात सांगतो आणि आवाज बंद करून बसतो. यामागचे संशोधन अजून तुटपुंजे आहे, पण हा विकार असलेल्या कोणालाही विचारा, तो स्वतःच्या अनुभवातून याची ग्वाही देईल. जोडीदार मात्र याहून वेगळा. कितीतरी वर्षे माझा नवरा माझी आठवण सांभाळत होता. "अगं, ते पत्र टाकलेस का?" या साध्या प्रश्नात त्याच्या बाजूने काळजी होती आणि माझ्या बाजूला तो उलटतपासणी होऊन पोहोचत होता. तो दमला होता, मी चिडत होते, आणि दोघांनाही आपापले बरोबर वाटत होते. समुपदेशिकेने सुचवले की आठवण करून देण्याचे काम माणसाकडून काढून भिंतीकडे द्या. आता एक मोठे कॅलेंडर भिंतीवर आहे, आठवड्यातून एकदा आम्ही दोघे त्यासमोर बसतो आणि मधल्या दिवसांत तो मला काहीही आठवून देत नाही. हे त्याला अवघड जाते. मी विसरते आहे हे दिसत असताना गप्प बसणे म्हणजे निष्ठुरपणा, असे त्याला वाटते. गप्प बसलेला तो दिसला की मलाही कधी वाटते, सांगितले असते तर काय बिघडले असते.

आणि काहीही कायम टिकत नाही.

हे कोणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते. प्रत्येक नवी पद्धत पहिल्या पंधरवड्यात चमत्कार वाटते आणि मग हळूहळू फर्निचरात जमा होते. गजराचा सूर सवयीचा होतो, भिंतीवरची चिठ्ठी रंगाच्या थरासारखी अदृश्य होते. पूर्वी अशा प्रत्येक मोडलेल्या व्यवस्थेमागून पश्चात्तापाची लाट यायची आणि महागडी नवी वही घेऊन सगळे मुळापासून उभारण्याचा सोहळा व्हायचा. आता मी व्यवस्था स्वस्त ठेवते. सूर बदलते, चिठ्ठीची जागा बदलते, शाईचा रंग बदलते. कॅलेंडर आणि यादी मात्र तीच. सॅफ्रेन यांच्या पद्धतीत विचार तपासण्याला वेगळे स्थान का दिले आहे, हे मला इथे कळले. एक दिवस यादी उघडली नाही, तर त्या एका दिवसाचे नुकसान थोडे असते. 'माझ्याच्याने काही होणारच नाही' या वाक्याने पुढचे दहा दिवस जातात, ते नुकसान मोठे असते. या विकाराला वरदान म्हणणाऱ्यांचा सूरही मला रुचत नाही. लक्ष चुकल्याने रस्त्यावर अपघात होतात, नोकऱ्या जातात, देणी थकतात. कल्पकता असेल तर ती माझी आहे. तिचे श्रेय मी याला देणार नाही.

काही कोपरे अजून सुटलेले नाहीत. निरोपांना उत्तर देणे हा त्यांतला सर्वांत हट्टी. निरोप आला की मनात उत्तर तयार होते, आणि मनात तयार झालेले उत्तर दिले गेले असेच मेंदू धरून चालतो. आठवड्याने लक्षात येते, तोवर दिलगिरी जोडावी लागते. महिन्याने लक्षात येते, तोवर दिलगिरीला कारण जोडावे लागते. आणि मग ते पत्र इतके जड होते की लिहिलेच जात नाही. सध्याचा प्रयोग असा की उशीर कितीही झाला असला तरी दिलगिरीशिवाय, जणू निरोप आत्ताच आला आहे अशा थाटात, दोन ओळींत उत्तर लिहायचे. बहुतेक मैत्रिणींना ते आवडले, काहींच्या तर लक्षातही आले नाही. एकीला मात्र राग आला आणि तिने तो फोन करून बोलून दाखवला. मी ऐकून घेतले, मग तिने तिच्या नव्या नोकरीविषयी सांगितले, मग आम्ही जुन्या वसतिगृहातल्या बाईंवर घसरलो, आणि लाल चकती संपून गेली तरी दोघींपैकी कोणीच फोन ठेवला नाही.